काकडी : लागवडीचा इतिहास

काकडी : (हिं. खीरा, गु. काकडी; क. सौतेकायी, कों. तवशें, सं. त्रपुस, लॅ. क्युक्युमिस सटायव्हस, कुल–कुकर्बिटेसी). जमिनीवर पसरणारी किंवा प्रतानांच्या (तणाव्यांच्या) साहाय्याने आधारावर चढणारी ही वर्षायू वेल तिच्या कोवळ्या, पाणीदार फळांसाठी जगातील सर्व उबदार प्रदेशांत लावली जाते. भोपळा, दोडका, कारले, कलिंगड व खरबूज हे तिचे जवळचे आप्त होत. काकडीला कडाक्याची थंडी मुळीच सोसत नाही. बी रुजण्यास ऊब लागते व वाढीस साधारणतः २०° ते ३०° से. तापमान मानवते. थंड देशांत ती काचगृहांत व तापविलेल्या वाफ्यांत वाढविली जात असली, तरी तिचा पिंड उष्ण व दमट हवेत घडलेला आहे. तिच्या लागवडीचा इतिहास हा मुख्यतः भारतीय उपखंडातील शेतकऱ्यांनी केलेल्या निवडीचा इतिहास असून नामसाम्यामुळे तो दीर्घकाळ झाकला गेला होता.

मूलस्थान : हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलांत व सह्याद्रीतही एक रानटी काकडी आढळते. सहारनपूर येथील वनस्पतिउद्यानाचे अधीक्षक जॉन फॉर्ब्स रॉइल यांनी १८३५ मध्ये तिचे क्युक्युमिस हार्डविकाय या नावाने वर्णन केले. टॉमस हार्डविक या लष्करी अधिकारी व निसर्गसंशोधकाच्या नावावरून हे नाव पडले. तिची फळे लहान, अंडाकृती व अतिशय कडू असतात. तथापि तिचा लागवडीतील काकडीशी सहज संकर होतो आणि संकरज संतती जननक्षम असते. त्यामुळे ती निराळी जाती नसून काकडीचाच रानटी प्रकार आहे, असे आता मानतात. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फाँस द कांदॉल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काकडीचे मूलस्थान भारत असल्याचे प्रतिपादन केले. पुढे रशियन शास्त्रज्ञ न्यिकली व्हाव्ह्यीलॉव्ह यांनीही तिचा समावेश लागवडीतील वनस्पतींच्या भारतीय उगमकेंद्रात केला.

या मताला रेणवीय आनुवंशिकीने पुष्टी दिली आहे. काकडीचा संपूर्ण जीनसंच २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर २०१३ मध्ये निरनिराळ्या देशांतील ११५ वाणांच्या जीनसंचांची तुलना करण्यात आली. तीत भारतीय, यूरेशियाई, पूर्व आशियाई व चीनमधील शीश्वांगबान्ना असे चार गट स्पष्ट झाले. यांपैकी भारतीय गटात सर्वाधिक विविधता आढळली व रानटी काकडीही याच गटात आली. जेथे पीक प्रथम माणसाळले तेथे त्याची विविधता अधिक असते आणि तेथून दूर नेलेल्या मोजक्या बियांबरोबर तिचा थोडाच भाग जातो, या तत्त्वाला हे धरून आहे.

रानटी फळाचा कडवटपणा कुकर्बिटॅसीन या वर्गातील द्रव्यांमुळे येतो. कीटक व प्राणी यांच्यापासून वेलीचे संरक्षण करणे हे त्यांचे कार्य होय. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार पानांतील व फळांतील कडवटपणाचे नियमन वेगवेगळे जीन करतात. मानवी निवडीचा रोख फळातील जीनावर होता. त्यामुळे फळ गोडसर झाले, पण पानांत संरक्षक द्रव्य शिल्लक राहिले. हा भेद शेतकऱ्याला ज्ञात असण्याचे कारण नव्हते. कडू फळाची वेल टाकून द्यावयाची व चांगल्या वेलीचे बी राखावयाचे, एवढाच नियम अनेक पिढ्या पाळला गेला. कडक ऊन व पाण्याची ओढ यांमुळे आजही काही फळे कडू निघतात. कडवटपणा देठाकडील भागात अधिक असल्यामुळे तो भाग कापून टाकण्याची रीत घरोघरी आढळते.

नामांचा गोंधळ : काकडीच्या इतिहासातील मोठी अडचण म्हणजे तिची खरबुजाच्या कुळीशी झालेली सरमिसळ. खरबूज, चिबूड, वाळूक व उत्तर भारतातील लांब, वाकडी ककडी हे सर्व क्युक्युमिस मेलो या एकाच जातीचे प्रकार आहेत. काकडीत गुणसूत्रांच्या ७ जोड्या असतात, तर या जातीत १२. त्यामुळे त्यांचा परस्परांशी संकर होत नाही. परंतु कोवळेपणी त्यांची फळे सारखी दिसतात व सारखीच खाल्ली जातात. बियाही इतक्या मिळत्याजुळत्या असतात की, उत्खननात सापडलेल्या बियांचा निर्णय बहुधा टरफलातील कोशिकांची सूक्ष्म रचना पाहूनच करावा लागतो.

प्राचीन ईजिप्तमध्ये काकडी पिकत होती, वाळवंटात भटकणाऱ्या इझ्राएली लोकांना तिची आठवण होत असे आणि रोमन सम्राट टायबीरिअस याच्यासाठी ती चाके लावलेल्या वाफ्यांत पारदर्शक अभ्रकसदृश पत्र्यांखाली वाढवीत असत, ही विधाने अनेक ग्रंथांत आढळतात. टायबीरिअसची हकीकत थोरल्या प्लिनीने दिली आहे. तथापि प्राचीन चित्रे, कुट्टिमचित्रे व वर्णने यांची छाननी करून २००७ मध्ये ज्यूल्स जॅनिक, हॅरी पॅरिस व डेव्हिड पॅरिश यांनी असे दाखवून दिले की, ही फळे लवयुक्त, लांबट व वाकडी असून ती खरबुजाच्या जातीतील होती. भूमध्यसागरी प्रदेशात त्या काळी खरी काकडी असल्याचा पुरावा मिळत नाही. पुढील काळातील भाषांतरकारांनी आपल्या परिचयाच्या काकडीचे नाव जुन्या शब्दांना चिकटविले, त्यामुळे हा समज पसरला.

असाच प्रश्न भारतीय वाङ्मयातही उद्‌भवतो. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील प्रसिद्ध त्र्यंबक ऋचेत पिकलेले उर्वारुक देठापासून आपोआप सुटते, त्याप्रमाणे मृत्यूच्या बंधनातून सुटका व्हावी अशी प्रार्थना आहे. उर्वारुक म्हणजे काकडी असा अर्थ सर्रास दिला जातो. परंतु पिकल्यावर देठाशी विलग होणे हा चिबूड व खरबूज यांच्या अनेक प्रकारांचा गुणधर्म आहे. काकडी पिवळी वा तपकिरी होऊन पिकली, तरी सामान्यतः देठ सोडत नाही. त्यामुळे तेथील फळ खरबुजाच्या जातीतील असण्याचा संभव अधिक. सुश्रुतसंहितेत त्रपुस, एर्वारु, कर्कारु व शीर्णवृंत यांचा पृथक् निर्देश आहे. शीर्णवृंत म्हणजे ज्याचा देठ झडतो ते. यावरून ही फळे भिन्न असल्याची जाणीव वैद्यकाला होती, हे स्पष्ट होते. यांपैकी त्रपुस म्हणजे खरी काकडी, असे सामान्यतः मानतात.

मराठीतील नावे या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. अमरकोशात उर्वारु व कर्कटी हे शब्द पर्यायवाचक म्हणून आले आहेत आणि काकडी हा शब्द कर्कटीवरून आला आहे. म्हणजे देशावर रूढ असलेले नाव मुळात खरबुजाच्या कुळीचे असून ते पुढे काकडीकडे आले. उत्तर भारतात मात्र ककडी हा शब्द मूळ अर्थाने टिकला व काकडीला खीरा हे नाव मिळाले. याउलट कोकणात व गोव्यात पावसाळी काकडीला तवसे किंवा तवशें म्हणतात. ते त्रपुस या संस्कृत शब्दाचेच प्राकृत तउस या रूपाद्वारे झालेले रूपांतर होय. काकडीचे प्राचीन नाव अशा रीतीने कोकणच्या परसात जिवंत राहिले आहे.

प्राचीन लागवड : वेलवर्गीय पिकांच्या जमिनीविषयीचा एक जुना निर्देश कौटिलीय अर्थशास्त्रात सापडतो. नदीच्या पाण्याचा फेस जेथे येऊन आपटतो ती जमीन वेलींच्या फळांना योग्य, असे सीताध्यक्षाच्या (शेतीवरील अधिकाऱ्याच्या) प्रकरणात सांगितले आहे. पूर ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या नदीपात्रातील गाळवट वाळूत काकडी, खरबूज, कलिंगड इत्यादींची लागवड करण्याची पद्धत भारतात अद्यापही आहे. वाळूत चर वा खड्डे खणून त्यांत शेणखत भरतात व बी टोकतात. मुळांना खालच्या ओलाव्याचा लाभ मिळतो, वरची वाळू लवकर तापून बी झटपट रुजते आणि उन्हाळ्याच्या आरंभी, इतर भाज्यांची टंचाई असताना, फळे हाती येतात. धरणांमुळे नद्यांचे प्रवाह बदलल्याने व पात्रांतील वाळूच्या उपशामुळे ही पद्धत अनेक ठिकाणी आकुंचित झाली आहे.

प्रसार : भारताबाहेर काकडी पूर्वेकडे व पश्चिमेकडे अशा दोन्ही दिशांनी गेली. चीनमध्ये इ. स. पू. दुसऱ्या शतकातील जांग च्येन हा राजदूत ती पश्चिमेकडून घेऊन आला अशी परंपरा आहे. तिचे जुने चिनी नाव ‘हू-ग्वा’ म्हणजे परकीयांचे वेलफळ असे होते. पुढे ते बदलून ‘ह्वांग-ग्वा’ (पिवळे वेलफळ) झाले. सहाव्या शतकातील छी-मिन याव-शू या कृषिग्रंथात तिच्या लागवडीचा उल्लेख आहे. २०१३ च्या जीनसंच-अभ्यासात भारतीय व पूर्व आशियाई गट सुमारे २,००० वर्षांपूर्वी अलग झाले असावेत असे अनुमान निघाले. ते या परंपरेशी बरेचसे जुळते. चीनच्या दक्षिण सीमेवरील शीश्वांगबान्ना भागातील काकडीचा गर कॅरोटिनामुळे नारिंगी असतो.

पश्चिमेकडील प्रसार बराच उशिरा झाला. पॅरिस, दोने व जॅनिक यांच्या २०१२ मधील विवेचनानुसार काकडी इ. स. ५०० ते १३०० या काळात दोन मार्गांनी यूरोपात शिरली. पहिला मार्ग इराणमधून खुष्कीने पूर्व यूरोपकडे जाणारा व दुसरा अरबांच्या द्वारे स्पेनकडे जाणारा. अरबी भाषेत खरी काकडी ‘खियार’ व लांब ककडी ‘किस्सा’ असा भेद केला जात असे. यूरोपातील थंडीमुळे तेथील बागाइतदारांनी घोड्याच्या लिदीची ऊब दिलेले वाफे व नंतर काचगृहे वापरली. परागणाशिवाय फळ धरणारे लांब फळांचे वाण अशा बंदिस्त जागेत उपयुक्त ठरले. सरळ काकडीचा ध्यास तेथे इतका वाढला की, रेल्वे एंजिनांचे प्रसिद्ध निर्माते जॉर्ज स्टीव्हन्सन यांनी उतारवयात आपल्या बागेतील काकड्या सरळ वाढाव्यात म्हणून काचेच्या नळ्या करवून घेतल्या होत्या.

उष्ण हवामान व फुलोरा : काकडीच्या एकाच वेलीवर नर व मादी फुले वेगवेगळी येतात. मोठा दिवस व चढे तापमान यांमुळे नर फुलांचे प्रमाण वाढते, तर लहान दिवस व सौम्य तापमान मादी फुलांना अनुकूल असते. उन्हाळी पिकात पहिले काही दिवस नुसती नर फुले येऊन गळतात, ते यामुळेच. केवळ मादी फुले येणाऱ्या वेलींचा गुण कोरियातून अमेरिकेत गेलेल्या एका वाणात आढळला. मिशिगन राज्य विद्यापीठात त्यापासून १९६० च्या सुमारास स्थिर प्रजा तयार करण्यात आली व संकरित बियांचे उत्पादन सुलभ झाले. परंतु समशीतोष्ण प्रदेशात स्थिर वाटणारा हा गुण उष्ण प्रदेशात डळमळतो व नर फुले पुन्हा येऊ लागतात. त्यामुळे उष्ण हवेत टिकणाऱ्या मादी प्रजा शोधणे भारतीय संशोधकांना आवश्यक झाले. भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या कटराईन (हिमाचल प्रदेश) येथील केंद्रात जपानी मादी प्रजा व ग्रीन लाँग नेपल्स यांच्या संकरातून पुसा संयोग हा वाण निर्माण करण्यात आला. देशातील काकडीच्या आरंभीच्या संकरित वाणांत त्याची गणना होते.

केवडा रोग व भारतीय वाण : उष्ण, दमट हवेत काकडीचा प्रमुख शत्रू केवडा हा रोग होय. यात पानांवर शिरांनी मर्यादित असे कोनयुक्त पिवळे ठिपके पडतात, खालच्या बाजूस करडी-जांभळट बुरशी दिसते व काही दिवसांत वेल करपल्यासारखी होते. या रोगकारकाचे प्रथम वर्णन बर्कली व कर्टिस यांनी १८६८ मध्ये क्यूबातील नमुन्यावरून केले. अमेरिकेच्या आग्नेयेकडील उबदार राज्यांत या रोगाने पीक घेणे जिकिरीचे झाले. १९५४ मध्ये तेथील बार्न्स व एप्स यांनी भारतातून आलेल्या एका वाणात या रोगास प्रतिकार असल्याचे नोंदविले. त्या वाणाला नाव नव्हते, ‘पी. आय. १९७०८७’ या प्रवेश-क्रमांकानेच तो ओळखला जाई. त्याच्यापासून साउथ कॅरोलायना राज्यातील क्लेम्सन विद्यापीठात प्वाँसेट हा रोगप्रतिकारक वाण सिद्ध झाला आणि पुढील अनेक अमेरिकी वाणांत तोच प्रतिकार उतरविण्यात आला. प्वाँसेट नंतर भारतात आणला गेला व राष्ट्रीय बीज निगमामार्फत त्याचा प्रसार झाला. भारतीय शेतकऱ्यांनी राखलेला गुण अशा प्रकारे परदेशी नावाने भारतात परतला.

या एका प्रतिकारावर अमेरिकेतील पीक सुमारे पन्नास वर्षे बव्हंशी निर्धास्त होते. २००४ मध्ये मात्र रोगकारकाचा नवा प्रकार उद्‌भवला आणि पूर्वेकडील राज्यांत प्रतिकारक म्हणून गणलेले वाणही रोगाला बळी पडले. त्यानंतर जगभरच्या संग्रहातील वाणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा अधिक प्रतिकारक ठरलेल्यांत ‘पी. आय. १९७०८८’ हा लगतच्या क्रमांकाचा वाणही भारतातूनच आलेला होता. रानटी हार्डविकाय प्रकाराचाही असाच उपयोग झाला आहे. लागवडीतील वेलीवर एक फळ पोसू लागले की पुढील फळांची वाढ खुंटते. रानटी वेलीवर मात्र एकाच वेळी अनेक फळे पोसतात. या गुणामुळे उत्पादन वाढविण्यासाठी त्याचा संकर १९७० नंतर अमेरिकेत करून पाहण्यात आला.

महाराष्ट्र व कोकण : महाराष्ट्रात काकडीची लागवड जून–जुलै व जानेवारी–फेब्रुवारी अशा दोन हंगामांत करतात. मध्यम, निचऱ्याची व सेंद्रिय द्रव्य भरपूर असलेली जमीन निवडतात. हेक्टरी सुमारे २·५ किग्रॅ. बी पुरते. वेली जमिनीवर पसरू देतात किंवा बांबू, तार व सुतळी यांच्या ताटीवर अथवा मांडवावर चढवितात. मांडवावरील फळे मातीला न टेकल्याने सडत नाहीत. पेरणीनंतर साधारणपणे दीड महिन्याने फळे मिळू लागतात व ती कोवळी असतानाच एक-दोन दिवसांआड तोडतात. लाल भुंगेरे, फळमाशी, केवडा व भुरी यांचा उपद्रव होतो. पूना खीरा हा या प्रदेशातील जुना व प्रसिद्ध वाण असून त्याची फळे आखूड व फिकट हिरवी असतात व पक्व झाल्यावर तपकिरी होतात. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हिमांगी व फुले शुभांगी आणि दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठाने अतिपावसाच्या प्रदेशासाठी शीतल हे वाण प्रसारित केले आहेत.

कोकणातील तवसे हे आकाराने मोठे व जाड सालीचे असते. पावसाच्या आरंभी लावलेल्या वेलींना श्रावण-भाद्रपदात फळे येतात. गोव्यात गणपतीवर बांधल्या जाणाऱ्या माटोळीत त्यांना स्थान असते. पिकलेले तवसे घराच्या आढ्याला टांगून काही महिने टिकविता येते. किसलेले तवसे, तांदळाचा रवा व गूळ यांपासून धोंडस वा तवसळी हा गोड पदार्थ करतात. ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमाविना पिकलेले अन्न खाण्याचा प्रघात असल्याने परसातील वेलींना घरोघरी महत्त्व आले. वेलीवरील एखादे चांगले फळ बियाण्यासाठी राखून ठेवणे, त्याचे बी वाळवून राखेत चोळून ठेवणे व शेजारीपाजारी देणे, ही कामे बहुतांशी स्त्रियांच्या हाती राहिली. काकडीत कीटकांद्वारे परपरागण होत असल्यामुळे अशा परसांतून वाणांची सतत मिसळ होते व वेचून राखलेल्या बियांतून स्थानिक प्रकार घडत जातात.

आधुनिक लागवड व जतनाचा प्रश्न : १९९० च्या सुमारापासून कर्नाटक, तमिळनाडू व आंध्र प्रदेश या राज्यांत लोणच्याच्या लहान काकडीची (घेरकिनची) करारशेती सुरू झाली. या काकडीला देशात फारशी मागणी नाही. ती मीठ वा सिरक्यात घालून निर्यात केली जाते. २०२०–२१ मध्ये या निर्यातीचे मूल्य २० कोटी डॉलरांहून अधिक झाले. भारतात काकडीसाठी शेडनेट व हरितगृह यांचा वापर वाढला असून परागणाशिवाय फळ धरणारे वाण त्यांत लावतात. भारतीय कृषी संशोधन संस्थेनेही असे वाण दिले आहेत. करारशेती व हरितगृह या दोन्हींत बी दर हंगामी विकत घ्यावे लागते, कारण संकरित फळातून काढलेल्या बियांपासून तशीच संतती मिळत नाही. परागणाविना धरलेल्या फळात तर रुजणारे बीच नसते. उत्पादनाच्या दृष्टीने हे वाण सरस असले, तरी बी राखण्याची परंपरा त्यामुळे खंडित होते.

स्थानिक वाणांचे संकलन व जतन नवी दिल्ली येथील राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे (स्थापना १९७६) असून अकोला येथे त्याचे प्रादेशिक केंद्र आहे. १९९२ च्या जैवविविधता करारापूर्वी वनस्पतींचे बी कोणत्याही मोबदल्याविना देशाबाहेर जात असे. या करारानंतर भारतात २००१ मध्ये वनस्पती वाण व शेतकरी हक्क संरक्षण अधिनियम आणि २००२ मध्ये जैविक विविधता अधिनियम संमत झाला. पहिल्या अधिनियमानुसार शेतकऱ्याला स्वतःचा वाण नोंदविता येतो. तथापि शीतगृहात ठेवलेले बी ज्या अवस्थेत साठविले त्याच अवस्थेत राहते. रोगकारक मात्र बदलत राहतो. २००४ मधील अनुभवाने हेच दिसून आले. नव्या रोगाला तोंड देणारे गुण उष्ण, दमट हवेत दरवर्षी वेल लावणाऱ्या व तिचे बी राखणाऱ्या शेतांत आणि परसांतच घडत असतात. त्यामुळे बियांच्या संग्रहाबरोबरच तवशासारख्या स्थानिक प्रकारांची लागवड चालू राहणे, हे काकडीच्या भावी सुधारणेसाठीही आवश्यक ठरते.